केरोबाची शिंगं आणि हैबतरावांचा आवाज

एका जंगलात, बाळांनो, आजारी पडायची सगळ्यांना मुभा होती, पण आजाराबद्दल बोलायची आजाऱ्याला नव्हती.

तसा काही कायदा नव्हता. रीत होती. कुणी आजारी पडलं की अख्खा कळप त्याला घेऊन डॉक्टरांकडे जायचा. कळपात ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, तो पुढे बसायचा. डॉक्टर त्याला विचारायचे, तो सांगायचा. आजारी प्राणी मागे कुठेतरी उभा राहायचा आणि आपल्याला काय होतंय ते ऐकायचा.

तुम्ही हसताय. मागे तुमच्या आजोबांना डॉक्टरांनी "भूक लागते का?" असं विचारलं, तेव्हा उत्तर कुणी दिलं होतं, ते जरा आठवा.

तर या जंगलात केरोबा नावाचं एक सांबर होतं. वय झालेलं, अंगाने थोराड, बोलायला कमी. दिवसभरात तो जेमतेम दहा-बारा शब्द बोलायचा आणि त्यातले निम्मे "बरं" असायचे. पण त्याची शिंगं सगळ्या जंगलात नावाजलेली होती. सांबरांची शिंगं वर्षातून एकदा गळतात आणि पुन्हा उगवतात. केरोबाची दरवर्षी गळायची आणि दरवर्षी आधीच्यापेक्षा बोटभर लांब होऊन यायची.

केरोबाला शिंगांचा गर्व होता का? थोडा होता. खोटं कशाला सांगू? पाणवठ्यावर तो पाणी पिण्याआधी पाण्यात बघायचा.

पण खरी गोष्ट वेगळी होती. त्याच्या बायकोला, म्हणजे गोदाबाईला, आवळे फार आवडायचे. खाली पडलेले नव्हेत, झाडावरचे. गोदाबाई पडली ठेंगणी. म्हणून केरोबा शिंगं फांदीत अडकवायचा, फांदी खाली ओढायचा आणि मान वाकडी करून धरून ठेवायचा. गोदाबाई सावकाश एकेक आवळा निवडून खायची. तिचं पोट भरेपर्यंत केरोबा तसाच उभा. असं चौदा वर्षं चाललं होतं. त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते. बोलायचं काय त्यात?

एका हिवाळ्यात केरोबाला लघवीचा त्रास सुरू झाला. एका झाडापाशी उभा राहिला की बाकीचा कळप दोन टेकड्या ओलांडून जायचा, तरी हा तिथेच. परत आला की लगेच दुसरं झाड शोधायचा. गोदाबाईने आठ दिवस पाहिलं आणि आपल्या भावाला बोलावणं धाडलं.

भावाचं नाव हैबतराव. कळपातला सगळ्यात मोठा आवाज हैबतरावांचा. ते कानात काही सांगू लागले तरी पलीकडच्या खोऱ्यातली वानरं "काय झालं?" म्हणून विचारायची. माणूस, म्हणजे सांबर, वाईट नव्हतं. कुणाच्याही अडचणीला धावून जायचं. फक्त धावत जाताना ज्याची अडचण आहे त्याला वाटेत आडवं करून जायचं.

"दाजी, तुमी काय बी काळजी करू नगा," हैबतराव म्हणाले. "मी बोलतो डॉक्टरशी."

"बरं," केरोबा म्हणाला.

जंगलात डॉक्टर एकच, डॉक्टर साळिंदर. अंगावर जन्मतःच सुया असल्यामुळे ते डॉक्टर होणार, हे त्यांच्या घरच्यांनी पाळण्यातच ठरवलं होतं. डॉक्टर हुशार होते. हात, म्हणजे पंजा, हलका होता. पण रोज सकाळी चाळीस रोगी. एका रोग्याला चार मिनिटं. त्यातलं एक मिनिट कळपाला बसवण्यात जायचं.

मुलांनो, प्रोस्टेट नावाची एक गाठ नरांच्या पोटात असते. अक्रोडाएवढी. ती नेमकी कुठे असते, हे तुमच्या बाबांना विचारू नका. त्यांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते विषय बदलतात. या गाठीची तपासणी कशी करतात, तेही मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की ती झुडपाआड करतात, मागून करतात, आणि तपासणारा साळिंदर असेल तर डोळे गच्च मिटून घ्यावेत. केरोबाने मिटले. त्यामुळे त्याने डॉक्टरांचं तोंड पाहिलं नाही आणि डॉक्टरांनी त्याचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाठीचा एक कण काढून तपासायला गेला. आठ दिवसांनी कळप पुन्हा दवाखान्यात. हैबतराव पुढे, केरोबा मागे.

"कॅन्सर आहे," डॉक्टर हैबतरावांना म्हणाले. "प्रोस्टेटचा. पण तसा सौम्य. ऑपरेशन करून काढू शकतो, किरण देऊ शकतो, लक्ष ठेवून थांबूही शकतो. नंतर थोडाफार त्रास होतो. चालायचंच. काय ठरवताय?"

"तुमी म्हनाल तसं," हैबतराव म्हणाले.

केरोबाच्या घशाशी एक प्रश्न आला होता. त्याने चुलत्याकडून ऐकलं होतं, की या गाठीला हात लावला की कधीकधी शिंगं गळतात आणि परत येत नाहीत. त्याला तेवढंच विचारायचं होतं. त्याने घसा खाकरला.

"डॉक्टर, म्या म्हनतो..."

"दाजी, तुमी गप बसा," हैबतराव प्रेमाने म्हणाले. "डॉक्टरला बोलू द्या."

डॉक्टर बोलले नाहीत. चार मिनिटं संपली होती. बाहेर रानडुकरांचा कळप ताटकळला होता.

घरी आल्यावर डॉक्टर काय म्हणाले, यावर चर्चा झाली. हैबतराव म्हणाले, काढा म्हणाले. चुलता म्हणाला, किरण द्या म्हणाले. एका भाचीने सांगितलं की डॉक्टर "चालायचंच" असं म्हणाले, म्हणजे चालण्याचा व्यायाम करायचा. गोदाबाईला काहीच सांगता येईना. "कॅन्सर" हा शब्द ऐकल्यावर पुढचं तिच्या कानात शिरलंच नव्हतं.

आता योगायोग बघा. त्याच सुमारास एक गवा वनराजांच्या दरबारात तक्रार घेऊन गेला. त्याची हीच गाठ डॉक्टरांनी काढली होती. ऑपरेशन झकास झालं होतं. पण तेव्हापासून त्याला पाणी धरवत नव्हतं. चालेल तिथे मागे ओली रेघ. बिचाऱ्याने पाणवठ्यावर जाणं सोडलं होतं.

"असं होतं हे मला आधी कुणी सांगितलंच नाही," गवा म्हणाला.

"मी सांगितलं होतं," डॉक्टर साळिंदर म्हणाले.

"कधी?"

"'थोडाफार त्रास होतो' म्हणालो नव्हतो का?"

वनराजांनी कोल्ह्यांची समिती नेमली. समिती समुद्रापलीकडच्या जंगलात अभ्यास दौऱ्यावर गेली, तिथली फळं खाऊन आली आणि येताना एक यंत्र घेऊन आली. तिथल्या माकडांनी बनवलेलं. लाल भोपळ्याएवढं. त्याला दोन मोठे कान होते आणि तोंडाच्या जागी एक फट. त्या फटीतून लिहिलेली पानं बाहेर यायची. जंगलाने त्याचं नाव ठेवलं कानसेन.

कानसेनचं काम सोपं होतं. डॉक्टर आणि रोगी बोलू लागले की त्याने ऐकायचं. डॉक्टरांनी पाच गोष्टी सांगितल्या की नाही, ते तपासायचं. रोग किती पसरलाय. आयुष्य किती उरलंय. पाणी धरवेल का. शिंगं राहतील का. पोट बिघडेल का. नुसतं "थोडंफार" चालणार नाही. शंभरातल्या किती जणांना काय होतं, तो आकडा सांगायचा. प्रत्येक गोष्टीला एक हिरवं पान. पाचही पानं मिळाली तर दवाखान्याच्या दाराला तोरण. शिवाय रोग्याला घरी न्यायला सगळं लिहून मिळणार, म्हणजे कुणाची भाची चालायला जायला नको.

डॉक्टर साळिंदर संतापले. त्यांच्या सगळ्या सुया ताठ झाल्या. "तीस वर्षं मी डॉक्टरकी करतोय. मला हा भोपळा शिकवणार?"

पहिल्या आठवड्यात दोनशे रोग्यांमागे डॉक्टरांना मिळून दोन पानं मिळाली. त्यातलं एक वाऱ्याने उडून आलेलं होतं.

डॉक्टरांनी ती दोन पानं घरी नेऊन बराच वेळ पाहिली. दुसऱ्या आठवड्यापासून ते बदलले. आकडे पाठ केले. शिंगांचा विषय काढताना ते पूर्वी खिडकीबाहेर बघायचे, ते बंद केलं. खरं सांगतो मुलांनो, यंत्राने फायदा झाला. जे तीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं ते त्या दवाखान्यात मोठ्याने बोललं जाऊ लागलं. कोल्ह्यांनी आपापली पाठ थोपटून घेतली, आणि या एका वेळी त्यांचं चुकलं नव्हतं.

एकच बारीकशी गोष्ट राहून गेली होती.

त्या पलीकडच्या जंगलात आजारी प्राणी डॉक्टरांकडे एकटा जातो. स्वतःच बोलतो आणि स्वतःच रडतो. माकडांनी कानसेनला तिकडची दोन लाख बोलणी ऐकवली होती. त्यावरून कानसेनने एक नियम पक्का केला होता. डॉक्टर सोडून जो बोलतो तो रोगी. उरलेला सगळा वारा.

ज्यांचं काही ठरलं नव्हतं अशा सगळ्यांना डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. केरोबाचा कळप गेला. हैबतराव कानसेनच्या समोर बसले. केरोबा मागच्या बाजूला, पाण्याच्या माठापाशी.

डॉक्टरांनी तोंड कानसेनकडे केलं आणि सुरुवात केली. "रोग गाठीतच आहे, बाहेर पसरलेला नाही. काढली तर शंभरातल्या वीस जणांना पाणी धरवत नाही. शंभरातल्या साठ जणांची शिंगं एकदा गळली की पुन्हा येत नाहीत. किरणांनी शंभरातल्या पंधरा जणांचं पोट बिघडतं. आयुष्याचं म्हणाल तर..."

केरोबा कान टवकारून ऐकत होता. साठ. त्याने मनात शंभर सांबरं उभी केली आणि त्यातली साठ बोडकी केली. मग उरलेल्या चाळिसांत स्वतःला शोधू लागला. सापडेना.

डॉक्टर थांबले. कानसेनच्या फटीतून पाच हिरवी पानं टपाटप बाहेर पडली. मग कानसेन गोड आवाजात म्हणाला, "आता रुग्णाने आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते सांगावं. घाई करू नये."

केरोबाला वाटलं, हा आपल्यालाच विचारतोय. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला हे विचारलं होतं. त्याचे डोळे भरून आले. तो एक पाऊल पुढे आला.

"म्या म्हनतो, शिंगं..."

"शिंगांचं काय घेऊन बसलाय!" हैबतराव गरजले. "दरसाल गळत्यातच की! या वयात काय करायची हाइती शिंगं? लगीन करायचंय व्हय? डॉक्टर, तुमी कापा. बिनधास्त कापा!"

कळपाने माना डोलावल्या. असं खंबीर बोलणारं कुणीतरी पाठीशी असावं लागतं, असं चुलता म्हणाला.

"पन मला..." केरोबा म्हणाला.

"पाठीमागचा आवाज कमी करावा," कानसेन म्हणाला.

केरोबा पुन्हा माठापाशी जाऊन उभा राहिला.

फटीतून मोठं पान बाहेर आलं. त्यावर लिहिलं होतं: *रुग्णाचा आवाज नोंदवला. रुग्णाला शिंगांची पर्वा नाही. रुग्ण निर्भय आहे. संवाद उत्तम. ऑपरेशन गुरुवारी.*

डॉक्टरांच्या दाराला पहिलं तोरण लागलं. डॉक्टरांनी केरोबाकडे पाहिलंही नाही. अहो, ते ओळखणार कसं? त्यांनी त्याला एकदाच नीट तपासलं होतं आणि ते दुसऱ्या बाजूने.

बुधवारी दुपारी केरोबा आणि गोदाबाई आवळ्याखाली गेले. केरोबाने फांदी खाली ओढून धरली. गोदाबाई खाईना.

"का गं?" केरोबाने विचारलं. त्याची मान वाकडीच होती.

"मी खाली पडल्याले बी खाते," गोदाबाई म्हणाली.

"तुला न्हाई आवडत."

"आवडतील. सवय करीन की." ती जमिनीकडे बघत होती. "तुमी जित्तं ऱ्हावा, बास. आवळ्याचं काय एवढं?"

केरोबाला खूप काही बोलायचं होतं. मरायची भीती वाटते हे सांगायचं होतं. शिंगांशिवाय जगायची त्याहून थोडीशीच कमी वाटते, आणि याची लाज वाटते, हेही सांगायचं होतं. थांबलं तर काय होईल, हे त्या डॉक्टरांनी सांगितलंच नाही, निदान तेवढं कुणीतरी विचारावं, असं त्याला फार वाटत होतं.

"बरं," तो म्हणाला. फांदी मात्र त्याने सोडली नाही. शेवटी गोदाबाईने दोन आवळे खाल्ले. ते तिला गोड लागले नाहीत.

गुरुवारी अख्खा कळप हजर. ऑपरेशनचा दगड धुऊन ठेवला होता. दगडाच्या दोन बाजूंना दोन अस्वलं उभी होती. रोग्याला उचलून ठेवायचं आणि हलू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. डॉक्टरांनी पाठीवरची एक लांब सुई उपटून घासून ठेवली होती.

"ओळख पटवण्यासाठी रुग्णाने काहीतरी बोलावं," कानसेन म्हणाला.

केरोबाने तोंड उघडलं. पण सवयीला काय करणार?

"बोला की!" हैबतराव पुढे होऊन म्हणाले. "काय बोलायचंय? आमी तयार हाय!"

"आवाज जुळला," कानसेन म्हणाला.

अस्वलांनी हैबतरावांना उचललं आणि दगडावर ठेवलं.

क्षणभर जंगलात अशी शांतता पसरली, जशी हैबतराव जन्मल्यापासून पसरली नव्हती.

"आवं, मी न्हाई!" हैबतराव ओरडले. "मी न्हाई पेशंट! ते बघा, ते दाजी पेशंट!"

"ऑपरेशनच्या वेळी शंभरातले चाळीस रुग्ण आपण रुग्ण नसल्याचं सांगतात," कानसेन म्हणाला. "ही भीती स्वाभाविक आहे. रुग्णाला धीर द्यावा."

डॉक्टर जवळ आले. हैबतरावांच्या तोंडाकडे त्यांनी निरखून पाहिलं. आवाज तर ओळखीचा होता. "असं समोरून मला सांगता येणार नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पालथे व्हा. मागून पाहिलं की लगेच सांगतो तुम्ही तेच की नाही."

सुटायचा केवढा सोपा मार्ग होता तो! पण हैबतरावांनी आजूबाजूला पाहिलं. चुलता होता, भाच्या होत्या, बाहेरून डोकावणारी रानडुकरं होती.

"हितं? समद्यांसमोर?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

"न्हाई! ते जमायचं न्हाई!"

"मग ऑपरेशन करू या," डॉक्टर म्हणाले आणि सुई उचलली.

आता, बाळांनो, काय झालं ते नीट ऐका. हैबतरावांनी डोळे वर करून स्वतःच्या शिंगांकडे पाहिलं. आणि दुसऱ्यांचे आजार बोलण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या हैबतरावांना एकाएकी प्रश्न सुचू लागले.

"डॉक्टर, थांबा. ही गाठ... काढलीच पायजेल का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "काढलीच पाहिजे असं नाही."

"न्हाई?"

"तुमची गाठ फार हळू वाढणारी आहे. लक्ष ठेवून थांबता येईल. कॅन्सर आहे म्हणालो, त्याच दिवशी म्हणालो होतो."

"आवं, मग नीट सांगायचं न्हाई का!"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही म्हणालात, बिनधास्त कापा."

हैबतराव घाम पुसायला गेले, पण अस्वलाने हात, म्हणजे पाय, धरला होता. "थांबायचं म्हंजी काय करायचं?"

"दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. सहा महिन्यांनी गाठ तपासायची."

"आन् वाढली तर?"

"वाढू लागली तर आपल्याला कळेल. तेव्हा काढू. बहुतेकांना तेव्हाही उशीर झालेला नसतो."

"बहुतेक म्हंजी किती?"

"शंभरातले अठ्ठ्याण्णव."

"आन् ते दोन?"

हा प्रश्न डॉक्टर साळिंदरांना तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी सुई खाली ठेवली आणि दगडाच्या कडेला ते चक्क बसले. डॉक्टर बसू शकतात, हे कळपाला त्या दिवशी कळलं.

"त्या दोघांचं वाईट होतं," ते हळूच म्हणाले. "ते कोण असणार हे मला आधी सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी सगळ्यांना कापू का, असं माझं मलाच विचारतो कधीकधी."

त्यांच्या पाठीवरच्या सुया एकेक करून खाली बसल्या. कानसेनकडे बघायचं ते विसरले होते.

"आन् शिंगं?" हैबतरावांचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्यांना ऐकू येईना. "थांबलं तर शिंगं ऱ्हातील?"

"राहतील. दरवर्षी गळतील आणि दरवर्षी येतील."

"माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?"

"मला शिंगं नाहीत," डॉक्टर म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "पण सुया आहेत. मी थांबलो असतो."

माठापाशी उभ्या असलेल्या केरोबाने यातला एकेक शब्द ऐकला. जे विचारायला त्याला अख्खा हिवाळा जमलं नव्हतं, ते मेहुण्याने दहा मिनिटांत विचारून टाकलं होतं. एकही प्रश्न उरला नव्हता. केरोबाने अंगणात पाहिलं. गोदाबाई त्याच्याकडेच बघत होती.

"म्या थांबतो," केरोबा मोठ्याने म्हणाला.

"नोंद नसलेला आवाज," कानसेन म्हणाला. "नातेवाइकांनी मध्ये बोलू नये."

"तू गप बस," केरोबा म्हणाला. आयुष्यात तो कुणाला असं बोलला नव्हता, आणि नेमकं एका भोपळ्याला बोलला. "डॉक्टर, गाठ माझी हाय. शिंगं माझी हाइत. मला समदं कळलं. म्या दर तीन महिन्यानं येतो. आन् ते दोघं जे हाइत, त्यात म्या निघालो तर तुमच्यावर माझा राग न्हाई."

डॉक्टरांनी केरोबाकडे पाहिलं. पहिल्यांदाच, समोरून.

"तुम्ही?" ते म्हणाले. मग त्यांनी हैबतरावांकडे पाहिलं, मग पुन्हा केरोबाकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान खाली घातली.

एवढ्यात कानसेनच्या फटीतून पानं पडू लागली. पाच नाही, सात नाही, एका दमात बावीस. *रुग्णाने विचारलेले प्रश्न: नऊ. डॉक्टरांनी दिलेली खरी उत्तरं: नऊ. या जंगलातला आजवरचा सर्वोत्तम संवाद. निर्णय: लक्ष ठेवून थांबणे. रुग्ण: हैबतराव.*

"ह्ये नाव खोडा," हैबतराव दगडावरून उतरत म्हणाले.

डॉक्टरांनी कोल्ह्यांना विचारलं. कोल्हे म्हणाले, नाव बदलता येईल, पण मग संवाद रद्द होईल, बावीस पानं परत घ्यावी लागतील आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. शिवाय अर्ज रुग्णानेच करायचा असतो, नोंद असलेल्या आवाजात.

हैबतरावांनी अर्ज करायला तोंड उघडलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पहिल्यापासून म्हणजे झुडपाआडच्या तपासणीपासून, आणि तीही नोंदीतल्या रुग्णाची. त्यांनी तोंड मिटलं.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी दोघं मिळून दवाखान्यात जातात. हैबतराव पुढे बसतात. कानसेन त्यांना विचारतो, "कसं वाटतंय?" हैबतराव खरोखरच काळजीने विचारतात, "गाठ वाढली का? किती वाढली? आकड्यात सांगा." डॉक्टर बसून उत्तरं देतात. मग रक्त द्यायला आणि झुडपाआड जायला केरोबा उठतो. डॉक्टर आता आधी त्याच्या समोर येऊन नमस्कार करतात.

गाठ अजून होती तेवढीच आहे. केरोबाची शिंगं त्या वर्षी गळली तेव्हा सगळ्यात जास्त रडले ते हैबतराव. नंतर कोवळी, मखमली शिंगं पुन्हा उगवली आणि आवळे धरेपर्यंत टणक झाली.

केरोबाने फांदी खाली ओढली. गोदाबाईने एक आवळा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा निवडू लागली.

"मान दुखत न्हाई का तुमची?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"दुखते की," केरोबा म्हणाला. "फार दुखते. खा तू."

हे सगळं पाहून जंगलातल्या बाकीच्यांनीही धडा घेतला. रानडुकरांनी आजोबांचं दुखणं थोरल्या जावयाच्या नावावर केलं. माकडिणीने नवऱ्याचा मोतीबिंदू सासूच्या नावावर केला. दवाखान्याच्या दाराला आता इतकी तोरणं आहेत, की आत जायला वाकावं लागतं. समुद्रापलीकडची माकडं अभ्यास दौऱ्यावर येऊन गेली. एवढे चांगले प्रश्न विचारणारे रोगी आपण कुठेच पाहिले नाहीत, असं ती लिहून गेली.

तात्पर्य: बाळांनो, मोठेपणी आजारी पडलात तर डॉक्टरांसमोर अवाक्षर काढू नका. घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या नातेवाइकाला पुढे करा आणि आपला आजार त्याच्या नावावर लिहून द्या. यंत्राला ऐकू येतं आणि डॉक्टरांना उत्तर येतं. पण प्रश्न ज्याची शिंगं जाणार असतात त्यालाच सुचतात.